देऊळ राखायचं कुणी?

फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवळांविषयी पहिली गोष्ट सांगायची ती ही, की त्यांतली बहुतेक मूळची तिथली नव्हेत. प्रियोळचा मंगेश कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. जुवारीच्या पलीकडे सासष्टीत पोर्तुगिजांचा अंमल बसला आणि सोळाव्या शतकात हे देव नदी ओलांडून आदिलशाहीतल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आले. बांदोड्याचा नागेश मात्र पूर्वीपासून जागचा. विजयनगरच्या काळातला, १४१३ सालचा शिलालेख तिथे आहे आणि त्यात नागेश व महालक्ष्मी या दोन्ही देवस्थानांना दिलेल्या दानाची नोंद आहे. अशा एखाद्या देवळाचा चिऱ्याचा सभामंडप उतरवून ग्रॅनाइटचा बांधायचा ठराव महाजनांपुढे, म्हणजे देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या कुळांपुढे, आला, की घराघरांतून वाद सुरू होतो. त्या वादाच्या दोन बाजू मी इथे दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. काका महाजन आहेत, देवस्थानचे हिशेब पाहिलेले. पुतणी वास्तुरचना शिकलेली. दोघंही कल्पनेतली, वाद मात्र खरा. देवळाचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की पक्ष पडतात आणि प्रश्न बाजूला राहतो. मी मधूनमधून बोलणार आहे, आणि तटस्थ राहणार नाही.

काका म्हणतात, "बाय, तुला भिंतीचा एवढा लोभ कशाला? आमचा देव भिंत टाकून आलेला देव आहे. मंगेशाचं लिंग १५६० साली कुठ्ठाळीहून निघालं म्हणतात. तेव्हा बरोबर खांब आणले होते की कमानी? देऊळ तिथेच राहिलं आणि पडलं. अलीकडच्या काठावर आल्यावर पहिल्या पावसाळ्यात डोक्यावर चुडतांचं छप्पर असेल, नाहीतर कुणाच्या घराची पडवी. तू ज्याला प्राचीन म्हणतेस ते सगळं पुढचं. शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झालं. पुरं झालं १७३८ साली. म्हणजे देवी आल्यावर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. तोवर देवी नव्हती काय? पूजा चुकली नाही, जत्रा चुकली नाही. पडलं की बांधायचं, लहान झालं की वाढवायचं, हाच आमचा रिवाज. नारो रामाने जुनं काढून नवं केलं तेव्हा कुणी त्याला इतिहास बुडवला म्हटलं नाही. मग आम्ही ग्रॅनाइट घातला तर आम्हालाच का?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देऊळ म्हणजे इमारत, ही समजूत पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीबरोबर आलेली आहे. भाविकाच्या लेखी देऊळ म्हणजे देव, त्याची माणसं आणि त्याचं वर्षाचं चक्र. पुतणीलाही हे ठाऊक आहे. म्हणून ती भिंतीची बाजू सरळ न घेता भलत्याच मुलखातून सुरुवात करते.

"काका, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मोअरबाथ नावाचं खेडं आहे. सोळाव्या शतकात तिथे तेहतीस घरं होती. प्रत्येक गावाला एक चर्च, त्या चर्चच्या हद्दीतलं प्रत्येक घर त्याला बांधलेलं. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, मूठमातीही तिथेच. ख्रिस्तोफर ट्रायचे नावाचा पाद्री १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षं त्या एकाच गावात होता आणि चर्चचे हिशेब लिहून ते गावाला वाचून दाखवत होता. चर्चची मेंढरं होती, ती गावातल्या घरांनी वाटून सांभाळायची. मेंढरू मेलं, लोकर विकली, कुणी मेणबत्तीला पैसे दिले, सगळं वहीत. श्राद्धाच्या प्रार्थनेला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रायचेने वीसेक वर्षं पैसा पैसा साठवला. वस्त्रं आली आणि लगेच, १५४७ नंतर, नव्या बालराजाच्या सरकारने तसल्या प्रार्थनाच बंद केल्या. मूर्ती काढायला लावल्या, भिंतीवरच्या चित्रांवर चुना फिरवला, लॅटिन जाऊन इंग्रजी आली. १५४९ साली त्या भागात बंड झालं. मोअरबाथने आपले पाच तरुण एक्सेटरच्या वेशीवरच्या बंडवाल्यांच्या छावणीत खर्चापाण्यासह धाडले. पुढे मेरी राणी आली, जुनं परत आलं. एलिझाबेथ आली, पुन्हा गेलं. पाद्री तोच, गाव तेच, भिंती त्याच. आता साल लावून बघा. तिसवाडीतली देवळं पडली १५४० मध्ये, सासष्टीतली पडली १५६६-६७ मध्ये. तिकडे देऊळ जागेवर राहिलं आणि आतला धर्म बदलला. आपल्याकडे धर्म राहिला आणि देऊळ बदललं. म्हणून तुम्ही म्हणता की भिंत म्हणजे काही नव्हे. ते लोक म्हणतील की भिंत होती म्हणूनच गाव गाव राहिलं."

काकांना हिशेबवही ऐकून आनंदच होतो. "आणि त्या चर्चचं आज काय शिल्लक आहे?"

पुतणीला खरं सांगणं भाग आहे. एकोणिसाव्या शतकात त्या चर्चचा जीर्णोद्धार झाला आणि ट्रायचेच्या डोळ्यांसमोरचं फारसं काही उरलं नाही. उरली ती वही. ती छापली गेली, तिच्यावर इमन डफी या इतिहासकाराने २००१ साली अख्खं पुस्तक लिहिलं, आणि तेहतीस घरांचं खेडं जगाला माहीत झालं.

"म्हणजे तुझ्याच तोंडून माझं म्हणणं आलं," काका म्हणतात. "भिंत गेली तरी इतिहास गेला नाही. आमच्याकडेही वह्या आहेत. अफोन्सो मेशियाने १५२६ साली गावकऱ्यांना विचारून गावचे हक्क-रिवाज लिहून काढले, तो फोराल आहे. महाजनांची यादी आहे, पालखीचा मान कुणाचा, पहिला प्रसाद कुणाचा, सगळं लिहिलेलं आहे. सभामंडपाचे फोटो काढून ठेवू, वाटल्यास. वही राखू, भिंत बदलू."

इथे पुतणी जे बोलते ते मला या वादातलं सगळ्यांत धारदार वाटतं. "वही कुणाची, काका? फोराल लिहिला पोर्तुगीज अधिकाऱ्याने आणि सांगितला गावकऱ्यांनी. त्यात गावकरांचे, म्हणजे गावच्या मूळ कुळांचे, हक्क आले. महाजनांच्या यादीत महाजन आले. सभामंडपाचे खांब कुणी घडवले? चिरे कुठल्या खाणीतून, कुणाच्या डोक्यावरून आले? चुना कुणी मळला? त्यांचा शब्द वहीत नाही, भिंतीत आहे. आपल्या मंडपाच्या उत्तरेच्या भिंतीवर ऑइलपेंटचा पापुद्रा सुटलाय तिथे जवळ जाऊन बघा. पेंटखाली सिमेंट, सिमेंटखाली चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे दिसतात. चुना नदीकाठच्या शिंपल्या भाजून केलेला. त्याखाली चिरा, आणि चिऱ्यावर तासणीच्या तिरक्या रेघा. एका हाताच्या उजवीकडे झुकणाऱ्या, दुसऱ्याच्या डावीकडे. म्हणजे निदान दोन गवंडी होते आणि त्यांतला एक डावखुरा असावा. वर छपरावर मंगळुरी कौलं. बाझल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, म्हणजे ते छप्पर त्यानंतरचं; त्याआधी गावठी नळे असणार. तुमच्या वहीत छपराचं साल नाही. कौलांनी ते सांगितलं."

आणि घुमटाचं काय, ती पुढे विचारते. फोंड्याच्या या देवळांत गर्भकुडीवर दख्खनी शिखर नाही, घुमट आहे. भिंतीत अर्धे बुडालेले खांब आहेत, अर्धगोल कमानींच्या खिडक्या आहेत, कठडे आहेत. अंगणात दीपमाळ उभी आहे, मजल्यामजल्याची, चर्चच्या मनोऱ्याशी नातं सांगणारी. मंगेशीची तर सात मजली. सभामंडपात काचेची झुंबरं टांगलेली. घुमट विजापूरकडचा, कमानी आणि अर्धस्तंभ पलीकडच्या चर्चचे, दीपमाळ मराठी मुलखातली. पुतणीचं म्हणणं असं की सासष्टीत चर्च बांधणारे हात आणि फोंड्यात देऊळ बांधणारे हात एकाच कारागीर घराण्यांतले असावेत. नदीच्या दोन काठांवर देव वेगळे झाले तरी गवंडी वेगळे झाले नाहीत. हे कुठल्याच महाजनाने लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहावं असं त्याला वाटायचं कारण नव्हतं.

काकांना हे झोंबतं. "म्हणजे ज्यांनी आमचं देऊळ पाडलं त्यांचीच नक्कल आम्ही केली, असं म्हणायचंय तुला? सासष्टीत २८० देवळं पाडली. राशोलच्या कप्तानाने, त्या दियोगो रॉद्रिगिशने. त्यांच्या चर्चची कमान आमच्या देवळात आली म्हणून आम्ही ती पुजायची?"

त्यांचा राग खोटा नाही, आणि तो आजच्या राजकारणातून आलाय असं म्हणून तो झटकताही येत नाही. कुठ्ठाळी, वेर्णे, लोटली या नावांत अजून ती वेदना आहे. मुंबई-कोचीच्या घरांतही कुळदेवाचं मूळ गाव सांगताना ती जागी होते. पण त्याच इतिहासात दुसऱ्याही गोष्टी आहेत. देव आले तो मुलूख आदिलशहाचा होता. फोंड्याची साफा मशीद बांधल्याचं साल १५६० सांगतात, म्हणजे मंगेश आला तेच. तिच्या तळीच्या काठाला कमानदार कोनाडे आहेत आणि देवळाची तळी पाहिलेल्याला ती परकी वाटत नाही. पाडणाराही धर्माच्या नावाने आला होता आणि ज्याच्या हद्दीत आसरा मिळाला तोही परधर्मीच होता. पुढे शिवाजी महाराजांनी १६७५ साली फोंडा घेतला, मग सोंधेकर राजे आले, आणि १७६३ साली हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तोवर त्यांचा जुना आवेश ओसरला होता. नव्या काबिजादीत, म्हणजे या नंतर जिंकलेल्या मुलखात, त्यांनी देवळांना हात लावला नाही. तेव्हा घुमट-कमानी ही नक्कल नव्हे. ज्यांच्याकडे पैसा होता, गवंडी होते आणि चांगलं दिसेल ते घ्यायला लाज नव्हती, अशा माणसांनी बांधलेली ती देवळं आहेत. मला तर त्यात हार दिसत नाही, रग दिसते.

आता माझं म्हणणं. काका देवळाचा इतिहास देवात शोधतात आणि पुतणी भिंतीत. दोन्हीकडे तो आहे, पण तिसऱ्या जागी तो सर्वांत जास्त आहे: देऊळ राखण्याचं ओझं कुणाच्या अंगावर होतं, आणि त्या ओझ्याच्या बदल्यात त्याला काय मिळत होतं. देऊळ असो की गावचं चर्च, ती कामांच्या वाटणीतून उभी राहिलेली संस्था असते. वाटणी बदलते तेव्हा देऊळ बदलतं, मग भिंत तीच असो वा नवी. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये हे डोळ्यांना दिसतं. वेदीचा भाग दुरुस्त करायची जबाबदारी त्या चर्चचा दशमांश खाणाऱ्यावर, आणि लोक उभे राहायचे त्या लांब दालनाची गावावर. म्हणून कित्येक खेड्यांत दालन भव्य आणि वेदीचा भाग जुनाट, अंधारा राहिला: गावाने स्वतःच्या पैशाने कमानी उंच केल्या, आणि ज्याच्याकडे वेदीचं काम होतं त्याने कौलं बदलण्यापलीकडे खिसा उघडला नाही. ते ओझं जमिनीला चिकटलेलं होतं. इतकं घट्ट, की वॉरविकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी एका जोडप्याकडे अशी जमीन आली म्हणून वेदीच्या दुरुस्तीचं बिल त्यांच्या दारात आलं, सुरुवातीला ९५ हजार पौंडांच्या घरातलं. आणि २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते त्यांनीच भरायचं असं ठरवलं. चर्चमध्ये ते जातात की नाही हा प्रश्न त्यात उद्भवलाच नाही.

गोव्यात हेच नमशीच्या रूपात होतं. वाजंत्र्याला, मशाल धरणाऱ्याला, देवळाची झाडलोट करणाऱ्याला पगार नव्हता, जमीन होती. जमीन खायची तर पालखीपुढे वाजवायचं. गावकारीचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचं, उत्पन्न गावकरांत वाटण्याआधी देवाचा वाटा निघायचा. पोर्तुगिजांना देऊळ म्हणजे काय ते फार नेमकं समजलं होतं, काकांपेक्षा आणि पुतणीपेक्षाही. तिसवाडीतली देवळं पाडून ते थांबले नाहीत. लगोलग १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचं उत्पन्न त्यांनी ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं. भिंत पाडायला दिवस लागतो. उत्पन्न वळवलं की ओझं वाहणारी माणसं दुसऱ्या उंबऱ्याशी बांधली जातात. सासष्टीतून निघालेले देव म्हणूनच फोंड्यात आले तेव्हा नुसते बेघर नव्हते, बिनजमिनीचे होते. कवळ्यासारखं देऊळ उभं राहायला पावणेदोनशे वर्षं का लागली याचं उत्तर मला इथे दिसतं. १७३९ साली शाहू महाराजांकडून शांतादुर्गेला कवळे गाव मिळालं; मंगेशाला त्याच वर्षी रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या शब्दावरून पेशव्यांनी गाव लावून दिला असं देवस्थानचा इतिहास सांगतो. घुमट आणि जमीन मागोमाग आली, हा योगायोग नाही. काका ज्याला "पडलं की बांधायचं" म्हणतात ते इतकं सोपं कधीच नव्हतं. कुणीतरी कुणाच्या तरी नावाने कायमचं ओझं लावून द्यायला पुढे आलं तेव्हाच ते झालं.

काका यावर हरकत घेतात आणि ती रास्त आहे. "ओझं ओझं काय करतोस? जमीन नव्हती त्या पावणेदोनशे वर्षांत पूजा कुणी चालवली? आम्हीच. मंगळूर, कारवार, कोचीपर्यंत पांगलेल्या लोकांनी. कुणाला जमीन दिली होती कुणी? भक्तीने केलं. तुझ्या हिशेबात भक्तीला रकाना नाही."

रकाना आहे, आणि तो मोठा आहे. पण भक्ती एकट्याने राहत नाही, तिला पाळी लागते: या वर्षी कोणाचा उत्सव, कोणाची समई, कोणाचा नैवेद्य. मंगेशाच्या भक्तांचा परगणा नकाशावर दाखवता येत नाही. मोअरबाथचं चर्च आपल्या हद्दीतल्या सगळ्यांचं होतं, मग कुणी भाविक असो वा नसो. मंगेशाचं देऊळ प्रियोळात आहे आणि त्याचे महाजन मुंबईत, कारवारात, कुठेही. हद्द जमिनीची नव्हे, कुळाची. अशी संस्था टिकली ती पाळ्या आणि मान यांच्या काटेकोर नोंदींवरच. याचा सगळ्यांत बोलका पुरावा फोंड्याबाहेर आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. तिच्या मूळ गावात, कुंकळ्ळीत, १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावाने भोगला. तरीही वर्षातून एकदा देवी कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा गावकर घराण्यांच्या बारा सत्र्या (छत्र्या) मिरवतात, आणि त्या घराण्यांतले ख्रिस्ती झालेले वारसही त्या मिरवणुकीत असतात. देव एकीकडे, धर्म दुसरीकडे, भिंत पडलेली. मानाची पाळी मात्र चारशे वर्षं शाबूत.

मग पुतणी असा प्रश्न विचारते की माझाही मुद्दा अडचणीत येतो. "तुम्ही दोघं ओझ्याचं कौतुक करताय. पण ओझं वाहणारे सगळे मालक झाले नाहीत. १८८६ साली आणि मग १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांचे कायदे केले, महाजन म्हणजे कोण ते ठरवून टाकलं, सरकारी प्रशासक त्यांच्यावर बसवला. त्या कायद्याने जे मालक ठरले ते महाजन. बाकी कुळावी भक्त, सेवेकरी, सगळे बाहेर. ज्यांच्या नावाने मंगेशी जगाला माहीत झाली ते दीनानाथ मंगेशकर १९०० साली मंगेशीत जन्मले, आई देवळाच्या सेवेतल्या घराण्यातली. केरीच्या केसरबाई केरकरांचं गाणंही याच मातीतलं. देवळाचा आवाज या घराण्यांनी राखला, पण ठरावावर अंगठा उठवायचा हक्क त्यांना नव्हता. आणि काका, माझं नावही तुमच्या यादीत नाही. महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते. सभामंडप पाडायचा की नाही यावर माझ्या भावाला मत आहे. त्याने गेल्या दहा वर्षांत मंडपात पाय ठेवलेला नाही."

काका गप्प होत नाहीत. काका लोक गप्प होत नाहीत. "कायदा आम्ही केला नाही. आणि तो उघडा केला तर उद्या कुणीही येईल, देवस्थानची तिजोरी राजकारण्यांच्या हातात जाईल. इतर राज्यांत सरकारने देवळं घेतली त्याचं काय झालं ते बघ. बंद आहे म्हणून टिकलंय." या भीतीत तथ्य आहे. बंद दारामुळे फोंड्याच्या देवळांचा कारभार कित्येक ठिकाणी नीट राहिला, हे मान्य करायला हवं. पण दार बंद ठेवायचं तर आतल्यांनी ओझंही पूर्ण वाहायला हवं, आणि तिथे गेल्या साठ वर्षांत मोठी उलथापालथ झाली आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनंतर जमिनीशी असलेलं जुनं नातंच गोव्यात पालटलं. नमशीचा वाजंत्री आता पगारावर येतो किंवा येत नाही. देवळाचं उत्पन्न भक्ताच्या अभिषेकातून, अग्रशाळेच्या खोल्यांतून, देणगीतून येतं. ग्रॅनाइटचा मंडप या नव्या व्यवस्थेचा आहे: देणगीदाराला आपलं नाव पायरीच्या संगमरवरावर हवं असतं, आणि जुन्या कौलाखालच्या वाशाला वाळवी लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी कुणीतरी चढावं, यावर कुणाचं नाव कोरता येत नाही. जुनी इमारत नको असते, कारण ती दर वर्षी काम मागते. नवी एकदाच पैसा मागते, असं वाटतं. ग्रॅनाइटच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं की तो समज जातो, पण तोवर ठराव करणारी समिती बदललेली असते.

इंग्लंडात हाच वाद एकोणिसाव्या शतकात झाला. चर्च "मूळच्या मध्ययुगीन रूपात" आणायची म्हणून मधल्या शतकांचा गिलावा, लाकूडकाम, बाकं खरवडून काढली जात होती. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि साधी गोष्ट मांडली: जीर्णोद्धार नको, रोजची देखभाल करा. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण देखभाल करायची कुणी हे मात्र त्याने गावावर सोडलं. आपल्याकडे डिचोलीत नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंबांचा कुळदेव, दिवाडीहून निघालेला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख दारावर आहे. त्याचं संवर्धन सरकारने जुन्या पद्धतीला धरून केलं आणि २०२३ साली ते पुन्हा खुलं झालं. चिरा आणि चुना आजही जमतो, हे तिथे सिद्ध झालं.

काका लगेच म्हणतात, "सरकारी पैशाने जमलं. महाराजांचं नाव होतं म्हणून जमलं. आमच्या मंडपावर कुठल्या राजाचं नाव नाही. चुन्याचा गवंडी आणायचा कुठून आणि त्याची मजुरी द्यायची कुणी?"

हा प्रश्न टाळून पुतणीची बाजू जिंकता येत नाही, म्हणून तिने जो तोडगा मांडला तो मला पटतो, आणि तो फारसा रोमांचक नाही. ठराव लगेच फेटाळू नका. एक वर्ष पुढे ढकला. त्या वर्षात मंडपाचं मोजमाप घ्या, खांबाखांबाचं. कौलांवरचे छाप उतरवून घ्या. ज्या घरांकडे सेवा होती त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून कुठल्या खांबाशी कोण उभं राहायचं, चौघडा कुठे वाजायचा, शिमग्याचा मांड कुठे पडायचा, हे लिहून घ्या. आणि ती वही महाजनांच्या यादीशेजारी, तिच्याइतक्याच मानाने ठेवा. मग हिशेब मांडा: कौलं आणि वासे बदलायला काय लागतं, वीस वर्षं देखभालीला काय लागतं, ग्रॅनाइटला काय लागतं. देखभालीची पाळी लावून द्या, उत्सवाच्या पाळीसारखी, आणि त्या पाळीत कुळाव्यांना, सेवेकऱ्यांना आणि मुलींना घ्या. पाळी दिली की मानही द्यावा लागेल, हे काकांच्या लक्षात येतं.

"म्हणजे मागच्या दाराने यादी उघडायची," ते म्हणतात.

"पुढच्या दाराने उघडत नाही म्हणून," ती म्हणते.

"आणि कंत्राटदाराला दिलेला आगाऊ पैसा?"

"किती दिलाय?"

काका आकडा सांगत नाहीत. तो वहीत आहे, म्हणतात, आणि वही सभेतच उघडते. पुतणी विचारते की मग माझं मोजमाप तुम्ही त्या सभेत वाचून दाखवाल का. काका म्हणतात, आधी ते मराठीत लिही, मिलिमीटरमध्ये नको, हातात आणि वितीत लिही, म्हणजे सभेला कळेल. ती म्हणते दोन्ही लिहीन. सभा चतुर्थीनंतर आहे; त्याआधी छपरावर चढायला पाऊस उघडायला हवा.